ऑक्टोबरसाठी टूर्मलीन घेताय? आधी खडा फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचा जन्म ऑक्टोबरचा. ओपल नाजूक असतो म्हणून टूर्मलीनची अंगठी करायचं ठरलं आहे आणि ती रोज बोटात राहणार आहे. समोर तीन खडे आहेत: एक गुलाबी, एक लांबट गर्द हिरवा आणि एक निळा, ज्याला विकणारा 'पराईबा' म्हणतो. जन्मरत्न म्हणून गुलाबीच लागतो का? रोजच्या वापरात टिकेल का? खरा आहे की नाही, तापवलेला आहे की काय, हे कसं कळणार?

आधी गुलाबीची अट बाजूला काढू. आज सगळीकडे दिसणारी महिनावार जन्मरत्नांची यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवली. तिच्यात ऑक्टोबरपुढे ओपल आणि टूर्मलीन अशी दोन नावं होती. १९५२ मध्ये तिथल्याच दागिने-व्यवसायाच्या परिषदेने यादी सुधारली. जूनमध्ये अलेक्झांड्राइट आला, नोव्हेंबरमध्ये सिट्रीन आला आणि ऑक्टोबरच्या टूर्मलीनमागे 'गुलाबी' हा शब्द लागला. पुढे २००२ मध्ये डिसेंबरला टांझानाइट आणि २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल मिळाला. म्हणजे ही यादी व्यवसायाने केलेली आहे आणि व्यवसायच ती बदलतो. आपल्या माणसाला त्याच्या महिन्याचं रत्न द्यावं ही कल्पना मला मनापासून आवडते, पण त्या एका शब्दापायी सुंदर हिरवा खडा नाकारून मळकट गुलाबी घेतलेला बघवत नाही. पत्नीला जो रंग शोभतो आणि आवडतो, तो घ्या.

आता मुद्द्याचं. टूर्मलीन निवडताना सगळ्यात जास्त काय बघायचं असेल, तर खडा कोणत्या दिशेने कापलाय ते. गिऱ्हाईक वजन विचारतं, नाव विचारतं, प्रमाणपत्र विचारतं, पण हे क्वचितच कुणी विचारतं. आणि या रत्नाचं निम्मं सौंदर्य तिथेच ठरतं.

टूर्मलीनचा स्फटिक लांब दांड्यासारखा वाढतो. आडवा छेद गोलसर त्रिकोणी असतो आणि अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. असा हिरवा दांडा दिव्यासमोर आडवा धरला की छान गवती हिरवा दिसतो. तोच दांडा उभा करून टोकाकडून आत बघितलं की कित्येकदा काळाकुट्ट, डांबरासारखा. खडा तोच, प्रकाश तोच, फक्त दिशा बदलली. कारण असं, की लांबीच्या अक्षाकडून जाणारा प्रकाश टूर्मलीन फार मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि आडवा जाणारा बराचसा सोडतो. इतर रत्नांतही दिशेनुसार रंग बदलतो, पण टूर्मलीनइतका उघडपणे फार थोड्यांत.

पैलू पाडणाऱ्याची कसोटी इथेच लागते. गर्द दांडा असेल तर वरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो लांबीला समांतर ठेवायचा, म्हणजे डोळ्यापर्यंत येतो तो आडवा, मोकळा रंग. शिवाय दोन्ही टोकांचे खालचे पैलू चांगले उभे ठेवायचे. ते नेहमीच्या कोनात ठेवले, तर टोकांकडून अक्षावरून फिरून आलेला काळपट प्रकाश वर परततो आणि खड्याच्या दोन्ही टोकांना अंधाराचे पट्टे दिसतात. फिकट गुलाबी रफ, म्हणजे न कापलेला कच्चा खडा, हाती आला तर नेमकं उलट: टेबल अक्षाला आडवा ठेवायचा, म्हणजे अक्षाच्या दिशेचा गडद रंग वर येतो आणि खडा भरलेला दिसतो. बाजारात टूर्मलीन लांब चौकोनी, पायरीदार घाटात इतके का दिसतात, याचं उत्तरही दांड्याच्या या आकारात आहे. मोठ्या गोल खड्यासाठी बराच माल घासून वाया घालवावा लागतो.

म्हणून तुमचा तो लांबट हिरवा खडा चिमट्यात धरा आणि सावकाश फिरवा. आधी सरळ वरून बघा. मग लांबीच्या दोन्ही टोकांकडे थोडा थोडा कलवा. मधला भाग हिरवा आणि टोकं काळी असतील, तर कापणाऱ्याने वजन वाचवलंय आणि रंग घालवलाय. बोटात घातल्यावर अंगठी कधीच सरळ वर तोंड करून राहत नाही, त्यामुळे ती काळी टोकं सतत दिसत राहतील. सगळीकडून हिरवा झळकत असेल आणि जोडीला निळसर किंवा पिवळसर झाक येत-जात असेल, तर तो खडा जाणत्या हाताने कापलाय.

तसाच खडा छापील मजकुरावर ठेवा. टेबलातून खालची अक्षरं वाचता आली, तर तळाचे पैलू फार उथळ आहेत. टूर्मलीनचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो याचं माप, साधारण १.६२ ते १.६४. त्या हिशोबाने तळाचा कोन अडतीस-एकोणचाळीस अंशांच्या खाली गेला की प्रकाश परत न येता खालून निसटतो आणि मध्ये पोकळ खिडकी दिसते. फिकट खड्याला ही खिडकी फार मारक. अंगठीत बसवल्यावर तिथून कातडीचा रंग दिसतो आणि काही दिवसांत साबणाचा थर साचला की खडा निस्तेज वाटू लागतो.

दुसरी तपासणी प्रकाशाची. दुकानातले दिवे दागिन्यांसाठी निवडलेले असतात, त्यात गैर काही नाही, पण निर्णय तिथे घेऊ नका. खडा आधी खिडकीशी, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघा, मग पिवळ्या दिव्याखाली. गुलाबी-लाल टूर्मलीनमध्ये फरक लगेच उघडा पडतो. काही खडे उजेडात सुंदर असतात आणि पिवळ्या दिव्यात तपकिरी, विटकरी होतात. रुबेलाइट हे नाव जुन्या जाणकारांनी दोन्ही प्रकाशांत लाल टिकवणाऱ्या खड्यासाठी राखून ठेवलं होतं. आज ते कुठल्याही गडद गुलाबीला चिकटवलं जातं. नावाकडे दुर्लक्ष करा आणि पिवळ्या दिव्यात बघा, कारण अंगठी निम्मा वेळ संध्याकाळीच घातली जाते.

रंग येतात कुठून, हे समजलं की उपचारांचं कोडंही सुटतं. टूर्मलीन हे एकच खनिज नाही, ते बोरॉनयुक्त सिलिकेट खनिजांचं कुटुंब आहे. दागिन्यांतले बहुतेक खडे एल्बाइट प्रकारचे. इटलीतल्या एल्बा बेटावरून ते नाव पडलं. काळा शोर्ल, तपकिरी ड्राव्हाइट आणि मादागास्करमधला लिडिकोटाइट, ज्याच्या आडव्या कापात त्रिकोणांचे रंगीत पट्टे एकात एक बसलेले दिसतात, हे त्याचे भाऊबंद. या कुटुंबाची रचना नाना मूलद्रव्यांना जागा देते. मँगनीज आलं की गुलाबी-लाल, लोह आलं की हिरवा-निळा, व्हॅनेडियम किंवा क्रोमियम आलं की पूर्व आफ्रिकेतला तो पाचूसारखा झगझगीत हिरवा. स्फटिक वाढत असताना भोवतीच्या द्रवातला मालमसाला बदलला, तर एकाच दांड्यात दोन-तीन रंग येतात. आत गुलाबी आणि बाहेर हिरवी साल असेल तर त्याला व्यापारात 'वॉटरमेलन' म्हणतात. त्याच्या आडव्या चकत्या जशाच्या तशा कोंदणात बसवलेल्या मला पैलूदार खड्यापेक्षा जास्त आवडतात.

गुलाबी खड्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने मँगनीजची विद्युतभार-स्थिती बदलते आणि त्यातून गुलाबी रंग येतो. हेच काम प्रयोगशाळेत किरणांचा मारा करून काही तासांत करता येतं, आणि एकदा केलं की नैसर्गिक आणि केलेला यांत फरक दाखवणारी भरवशाची चाचणी नाही. त्यामुळे 'याच्यावर किरणांचा प्रयोग झालेला नाही' अशी लेखी हमी कुणी देऊ लागला, तर ती कशाच्या आधारावर, हे नक्की विचारा. असा खडा अंगाला अपायकारक नसतो. पण गुलाबी रंग, नैसर्गिक असो की केलेला, फार उष्णतेत फिकटतो, आणि काही खडे दीर्घकाळ कडक प्रकाशात राहिले तर त्यांचाही रंग उतरतो. काचेच्या कपाटात दिव्याखाली वर्षानुवर्षं ठेवायची ही वस्तू नाही. हिरव्या-निळ्या खड्यांना काळपटपणा कमी करण्यासाठी तापवतात. ते कायम टिकतं आणि व्यापारात मान्य आहे. मी ते दोष मानत नाही.

मला खरी चिंता वाटते ती भरणीची. लाल-गुलाबी टूर्मलीनमध्ये आतल्या रेषा, द्रव भरलेले केसासारखे धागे, बारीक भेगा हे सगळं इतकं नेहमीचं आहे, की जीआयए ही रत्नशास्त्राची संस्था स्वच्छता ठरवताना लाल टूर्मलीनला पाचूच्याच वर्गात बसवते आणि हिरव्याला मात्र सहसा स्वच्छ मिळणाऱ्या रत्नांच्या वर्गात. म्हणजे हिरव्यात भेग दिसली तर नाक मुरडायला हरकत नाही. लालमध्ये थोडं चालवून घ्यावं लागतं. पण त्या भेगा तेल किंवा राळ भरून लपवलेल्या असतील तर प्रश्न वेगळा. दहा पट दाखवणाऱ्या भिंगाखाली खडा हलवत बघा. भेगेच्या जागी निळी-नारिंगी चमक क्षणभर उमटून गेली, किंवा आत चपटे बुडबुडे दिसले, तर भरणीचा संशय घ्या. राळ कालांतराने पिवळी पडते, गरम पाण्याने आणि रसायनांनी सुटते. रोजच्या अंगठीसाठी असा खडा नको.

खरा-खोटा ओळखण्याच्या बाबतीत टूर्मलीन आपल्याला मोठी सवलत देतो: दागिन्याच्या आकाराचा कृत्रिम टूर्मलीन व्यापारी पातळीवर तयार होत नाही. 'लॅबमध्ये बनवलेला टूर्मलीन' म्हणून जे विकतात ते काच, कृत्रिम स्पिनेल किंवा रंगवलेलं, चिकटवलेलं क्वार्ट्झ असतं. वॉटरमेलनच्या नावाने दोन रंगांचे तुकडे जोडलेलेही येतात. पाण्यात बुडवून कडेने बघितलं की जोडाची सरळ रेघ दिसते.

भिंग हाताशी असेल तर एक सुंदर चाचणी घरीही करता येते. टेबलातून आत बघून खालच्या पैलूंच्या कडांवर नजर स्थिर करा. टूर्मलीन प्रकाशकिरण दोन वाटांनी फोडतो, त्यामुळे पुरेशा मोठ्या खड्यात प्रत्येक कड दुहेरी दिसते, जवळजवळ दोन समांतर रेघा. काच आणि स्पिनेल यांत ती एकेरीच राहते. बघण्याची दिशा नेमकी अक्षावरून असेल तर टूर्मलीनमध्येही दुहेरी दिसत नाही, म्हणून खडा थोडा कलवून पुन्हा बघायचं. फिरवताना एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्या छटेचा दिसला, तर तीही खरेपणाची चांगली खूण. काच सगळीकडून एकसारखी असते आणि आत गोल बुडबुडे किंवा सरबतासारख्या लाटा असतात.

एवढं सगळं आज सोपं वाटतं, पण रंगावरून नाव देण्याच्या सवयीने राजेराण्याही फसल्या आहेत. स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव राजाने १७७७ मध्ये रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीला भेट दिलेला मोठा लाल खडा 'सीझरचं माणिक' म्हणून प्रसिद्ध होता. तो रुबेलाइट निघाला आणि आजही मॉस्कोत क्रेमलिनच्या संग्रहात आहे. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी नेलेले हिरवे टूर्मलीनही कितीतरी काळ पाचू म्हणून खपले. गुलाबी टूर्मलीनला मात्र स्वतःच्या नावाने मान देणारी एक मोठी रसिक होती, चीनची राजमाता त्सु-शी. तिच्या दरबारासाठी कॅलिफोर्नियातल्या पाला भागातल्या खाणींतून प्रचंड माल जात असे. चीनचं ते राजघराणं कोसळलं तशी ती मागणी थांबली आणि तिथला व्यापारही बसला.

तुमच्या निळ्या खड्याकडे येतो. पराईबा हे ब्राझीलमधल्या एका राज्याचं नाव. तिथे साओ जोझे दा बाताल्या गावाजवळच्या टेकडीत हेइतोर दिमास बार्बोसा नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं चिकाटीने खोदून १९८०च्या दशकाच्या अखेरीला आतून दिवा लावल्यासारखे निळे-हिरवे खडे बाहेर काढले. त्या तेजाचं कारण तांबं. पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही तांबं असलेले टूर्मलीन सापडले आणि मोठ्या प्रयोगशाळांनी ठरवलं की तांबं-मँगनीजमुळे तो रंग असेल, तर देश कुठलाही असो, पराईबा म्हणता येईल. पण साधा निळा टूर्मलीन, ज्याला इंडिकोलाइट म्हणतात, तो लोहामुळे निळा असतो. डोळ्यांना दोन्ही निळेच, भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. तांबं आहे की नाही हे साध्या भिंगाने कळत नाही, त्याला रासायनिक तपासणी लागते. म्हणून त्या खड्यासोबत नामांकित प्रयोगशाळेचा अहवाल नसेल, तर तो इंडिकोलाइट समजूनच भाव करा. इंडिकोलाइट म्हणून आवडला तर जरूर घ्या. दोन्ही प्रकाशांत निळा राहणारा, काळा न पडणारा इंडिकोलाइट मुळीच कमी प्रतीचा नाही.

रोजच्या वापराचं काय? कठीणता मोजणाऱ्या मोहच्या मोजपट्टीवर टूर्मलीन ७ ते ७.५, ओपल ५.५ ते ६.५. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता ७. म्हणजे ओपलवर ओरखडे लवकर येतात, टूर्मलीन बरीच वर्षं तग धरतो, पण त्याच्याही पैलूंच्या धारा कालांतराने बोथट होतात. नीलम किंवा हिऱ्यासारखं निर्धास्त राहता येत नाही. ठरावीक पातळीवर सरळ चिरण्याची खोड त्याच्यात नाही, हे चांगलं, पण स्फटिकात ताण साठलेला असतो. आघाताने टवका उडतो आणि तापमान एकदम बदललं की तडकतो. लाल खड्यांना हा धोका जास्त.

त्यामुळे अंगठी घडवताना खडा चारी बाजूंनी धातूच्या काठाने वेढणारं कोंदण करून घ्या. नख्यांचंच हवं असेल तर चौकोनी खड्याच्या चारही कोपऱ्यांवर नखी यायला हवी, कारण टवके पहिले कोपऱ्यांना उडतात. खडा फार उंच बसवू नका. लांबट खडा बोटाच्या दिशेने ठेवला तर कमी आपटतो. आणखी एक फायद्याची बाब: टूर्मलीनची घनता साधारण ३.०६, नीलमची ४. त्यामुळे त्याच वजनात टूर्मलीन मोठा दिसतो. कॅरेटवर जाऊ नका, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा.

धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढंच. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही टाळा. टूर्मलीनवर धूळ जरा जास्तच बसते, याचंही कारण आहे: तापला किंवा दाबला गेला की त्याच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. अठराव्या शतकात डच लोक तापवलेला टूर्मलीन पाइपमधली राख ओढायला वापरत, आणि दाबातून वीज निर्माण होते हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये ज्या स्फटिकांवर दाखवलं त्यांत हाही होता. या गुणामुळे तो मोबाइलच्या लहरी शोषतो किंवा दुखणी बरी करतो असं सांगून काळा टूर्मलीन विकला जातो, त्याला काही आधार नाही. त्यासाठी पैसे घालवू नका.

तिन्ही खडे मी पाहिलेले नाहीत, पण रोजच्या अंगठीसाठी मी हिरव्यापासून सुरुवात करेन: तो स्वच्छ मिळण्याची शक्यता जास्त आणि भरणीचा धोका कमी. त्याची टोकं काळी निघाली तर गुलाबीकडे वळा, मात्र भिंगाखाली भेगा तपासून आणि पिवळ्या दिव्यात बघूनच. पावतीवर 'नैसर्गिक टूर्मलीन', रंग, वजन, मापं आणि माहीत असलेले उपचार लिहून घ्या. आणि अंगठी करायला टाकण्याआधी बोटाचं माप दोनदा घ्या, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. नंतर माप बदलायची वेळ आली तर सोनाराला आधीच सांगा, की ज्योत लावण्यापूर्वी खडा कोंदणातून काढून घ्यायचा आहे.